आधी सोडायचं

आमच्या हॉस्पिटलात एखादा पेशंट आवरेनासा झाला की औषधाच्या आधी नंदिनी गजभियेची आठवण होते. ऑपरेशननंतर भान हरपलेली म्हातारी माणसं काय काय करतात, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. सलाईन उपटतात, पलंगावरून उतरून थेट गावाकडे निघतात, सिस्टरला चावतात. मला चावलेले आहेत. अशा वेळी डॉक्टर हातात सुई घेऊन उभे असतात आणि कोणीतरी ओरडतं, "अवं, नंदिनीले बोलवा!" मग ही बाई येते, पेशंटच्या छातीवर खांदा आडवा टाकते, दोन्ही मनगटं अशी धरते की पैलवानाचीही सुटणार नाहीत, आणि तोंडाने गोड गोड म्हणत राहते, "झालं हं, झालं, बस एकच मिनिट." सुई लागते, टेप चिकटते आणि डॉक्टर पुढच्या पलंगाकडे जातात.

मी मिनल राऊत, त्याच वॉर्डातली सिस्टर. धंतोलीत दवाखान्याला दवाखाना लागून आहे, अख्ख्या विदर्भाची दुखणी इथे येतात, पण नंदिनीसारखं पेशंट धरणारं माणूस दुसरीकडे नाही असं मी आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आले. नर्सिंगला आम्ही एकत्र होतो. ती इंदोऱ्याची, शांत, कमी बोलणारी. मी बोलते आणि भांडते, हे वेगळं सांगायला नको.

एके दिवशी दुपारी भेटायची वेळ होती. कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेली एक आजी सलाईन लावू देत नव्हती. नंदिनीने तिला धरलं होतं. मी समोरच्या टेबलाशी फोनवर बोलत होते. तेवढ्यात आजीचा मुलगा चहाचे कप घेऊन दारातून आत आला. कप त्याने कुठे टाकले कोण जाणे, पण पुढच्या क्षणी त्याचा हात मागून नंदिनीच्या गळ्याभोवती होता आणि तो ओरडत होता, "सोड! सोड तिले!"

मी किंचाळले. वॉर्डबॉय धावले, सिक्युरिटीवाला धावला, चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. मला धक्का त्या माणसाचा बसला नाही, असल्या माणसांची मला सवय आहे. धक्का बसला तो नंदिनीचा. रेड्यासारख्या माणसाला पलंगावर चीत करणारी ही बाई, हिचे दोन्ही हात कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्यासारखे खाली लोंबत होते. तिने त्याचं बोटसुद्धा धरलं नाही. सुटल्यावर ती तशीच उभी राहिली आणि मी हलवलं तेव्हा कुठे खाली बसली.

तक्रार झाली, त्याने माफी मागितली, आईला घेऊन तो गेला. दारू पिऊन आला असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी तर त्याला अजून मनातल्या मनात शिव्या घालते.

पण नंदिनी पुन्हा वॉर्डात उभी राहू शकेना. लिफ्टमध्ये शिरली की कोपरा गाठायची. जेवताना भिंतीला पाठ लावून बसायची. पेशंटजवळ गेली आणि मागून कोणी नुसतं "सिस्टर" म्हटलं की हातातला ट्रे खाली. मेट्रन मॅडमनी तिला तळघरात स्टोअरला टाकलं, कापूस आणि पट्ट्या मोजायला. "दिवाळीपर्यंत पाहू," त्या म्हणाल्या, "नाई जमलं तर इथेच कायम करून टाकू. त्यात काय लाज आहे?" लाज नव्हती, पण तिचा जीव वॉर्डात होता. ज्या बाईला पेशंटच्या अंगाचा ताप नुसत्या हाताने कळतो, तिला पट्ट्यांच्या खोक्यांत कोंडायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

"मले वार्डात यायचं आहे वं," ती एक दिवस स्टोअरच्या दारात म्हणाली, "पण पाठ ऐकत नाई माझी."

मग मीच शोधलं. जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे संघपाल सर ज्यु-जित्सु शिकवतात. स्वसंरक्षणासाठी, नवशिक्यांसाठी, बायकांसाठीसुद्धा, असं पाटीवर होतं. नाव उच्चारताना माझी जीभ वळेना, पण म्हटलं कराटेचाच चुलतभाऊ असेल. हवेत लाथा, विटा फोडणं, हू-हा. नंदिनी एकटी जाणार नाही म्हणून मीही नाव घातलं. या वयात, या वजनात. घरी सांगितलं तेव्हा नवरा इतका हसला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पहिल्याच दिवशी तोंडात बोटं घालायची वेळ आली. लाथ नाही, बुक्की नाही. संघपाल सर म्हणाले, "चला, झोपा."

"झोपा म्हणजे?" मी विचारलं.

"पाठीवर झोपा ताई. भांडणात माणूस शेवटी खालीच पडते. पडल्यावर काय करायचं, तेच शिकायचं आहे आपल्याले."

जाड गाद्यांवर आम्ही आडव्या झालो. आजूबाजूला कॉलेजची पोरं-पोरी, एक बँकेतले काका आणि आम्ही दोघी. सरांनी गुडघे वाकवून, एका कुशीवर वळून, कंबर मागे फेकत सरकायला लावलं. "झिंग्यासारखं सरका. झिंगा पाहिला का?"

"पाहिला नाई, सावजीत खाल्ला," मी म्हटलं. नंदिनी हसली. किती दिवसांनी ते हसू पाहिलं. मी जिवाच्या आकांताने सरकत होते आणि जागची हलत नव्हते. नंदिनी मात्र हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला गेली.

मग सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि खरा नियम सांगितला. "इथं सगळ्यात आधी मारणं शिकायचं नाई, थापटणं शिकायचं. दुखलं, दम कोंडला, भेव वाटलं, काहीही झालं, की समोरच्याच्या अंगावर नाई तर गादीवर थापटायचं. थप थप. आणि ज्यानं धरलं आहे त्यानं तिथंच सोडायचं. काहून म्हणून विचारायचं नाई. आधी सोडायचं, मग विचारायचं. हे ज्याले जमत नसन त्यानं घरी जावं." आम्ही दोघींनी शाळेतल्या पोरींसारख्या माना डोलावल्या. एवढी सोपी गोष्ट, त्यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

नंदिनीचा खरा दिवस पुढच्या आठवड्यात आला. मागून गळा धरला तर काय करायचं, हे शिकवायचं होतं. हनुवटी छातीशी दाबायची, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढायचा, बूड खाली टाकून बाजूला सरकायचं. सर तिच्यामागे उभे राहिले. त्यांनी आधी विचारलं, "ताई, हात ठेवू का?" ती हो म्हणाली. त्यांचा हात खांद्यावरून नुसता पुढे आला, गळ्याला लागलाही नव्हता, तोच तिने थापटलं.

सरांनी हात काढला, दोन पावलं मागे सरकले आणि दोन्ही तळवे वर करून उभे राहिले. हसले नाहीत, "अजून तर धरलंच नाई" म्हणाले नाहीत.

नंदिनी वळून त्यांच्याकडे पाहत राहिली. "सोडलं तुमी," ती म्हणाली.

"मग? तुमी थापटलं ना."

ती मटकन खाली बसली आणि सगळ्यांदेखत रडली. मी पाण्याची बाटली शोधत इकडे तिकडे फिरले. थोड्या वेळाने ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, पुन्हा." पुन्हा हात, पुन्हा थाप, पुन्हा सुटका. प्रत्येक वेळी हात थोडा जास्त वेळ राहत गेला. संध्याकाळ संपेपर्यंत ती हनुवटी दाबून, कंबर टाकून, सरांच्या हातातून खरोखरची निसटली. घरी जाताना स्कूटीवर मागे बसून ती सारखी म्हणत होती, "थापटलं का सोडते वं तो! असं असते का कुठी!"

पुढे पुढे तिला चांगलंच जमायला लागलं. खाली असताना घाबरत नव्हती, कंबर पुलासारखी उचलून वरच्याला उलटवायची, निसटायची. मी प्रत्येक वेळी चिंचेच्या कोळासारखी पसरलेली असायचे. मला वाटलं, झालं. दिवाळीच्या आत पोरगी वॉर्डात.

मग सरांनी बाजू बदलली. आजवर आम्ही खालून सुटणं शिकत होतो, आता वरून दाबून धरणं शिकायचं. समोरचा पाठीवर पडलेला, आपण आडवं त्याच्या छातीवर, खांदा हनुवटीखाली. नंदिनी माझ्यावर आली आणि काय सांगू! मला माझं करंगळीचं बोटसुद्धा हलवता येईना. सर खूश. "अरे वा ताई! हे कुठं शिकल्या?"

"वार्डात," नंदिनी म्हणाली आणि मी खालून हसले. तेच माझं शेवटचं हसू.

कारण तिचा खांदा माझ्या गळ्यावर आला होता. आधी वाटलं, सरकेल. मग श्वास अर्धाच आत गेला. मी तिच्या पाठीवर थापटलं. थप थप.

ती माझ्या कानाशी अगदी मायेने म्हणाली, "झालं हं, झालं."

मी पुन्हा थापटलं, जोरात. तिने मोकळ्या हाताने माझं कपाळ कुरवाळलं. "बस एकच मिनिट."

मला आधी राग आला. मग कळलं की ती गंमत करत नाहीये. तिचे डोळे माझ्याकडे नव्हतेच, माझ्या मनगटाकडे होते, शीर शोधल्यासारखे. मी हाताने, टाचेने, मिळेल त्याने गादीवर थापटत होते आणि जितकं थापटत होते तितकी तिची पकड घट्ट होत होती. छताचा पंखा काळा पडत चालला. बोलायचं म्हटलं तर आवाज नाही. आपण सांगतोय, नीट सांगतोय, सांगायची जी रीत ठरली आहे त्याच रीतीने सांगतोय, आणि वरचं माणूस प्रेमाने आपल्याला मारतंय. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

"सोड! नंदिनी, सोड!" सर धावत आले आणि त्यांनी तिला खांद्याला धरून बाजूला ओढलं.

मी उठून बसले, खोकले, आणि आवाज परत आल्याबरोबर जे सुचेल ते बोलले. पागल आहे का वं तू, मारतं का मले, कान फुटले का तुझे, असं बरंच काही. बँकेतले काका भिंतीला चिकटले होते. बोलता बोलता मीच थांबले, कारण नंदिनीकडे पाहिलं. ती स्वतःच्या पाठीवर, खांद्याच्या मागे, हात नेऊन चाचपडत होती, जिथे मी थापटलं होतं तिथे.

"इथंच," ती म्हणाली.

"काय इथंच?"

"ती आजी. ती पण इथंच थापटून राहिली होती. मले वाटलं, भेऊन राहिली. मी म्हटलं, झालं आजी, झालं." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला जवळ सरकावं लागलं. "तिचा पोरगा दारातून पाहून राहिला होता. तो काय ओरडत होता, आठवते का तुले?"

मला आठवत होतं. सोड, सोड तिले.

"म्हणून काय गळा धरायचा?" मी उसळले. "त्याचं चुकलंच! हजारदा चुकलं!"

"त्याचं चुकलंच. मी त्याच्याबद्दल नाई म्हणून राहिली." ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. "मिनल, तिले काय दुखत होतं? मले माहीतच नाई. मी विचारलंच नाई तिले. आणि तिच्यासारखे किती असतीन वं... कोणी पाठीवर, कोणी पलंगाच्या दांडीवर..."

आता मलाही ते ऐकू यायला लागलं. आमच्या वॉर्डातला तो आवाज, लोखंडी दांडीवर पंज्याचा, थप थप, थप थप. मी त्याला पेशंटची चिडचिड म्हणत आले होते. आम्ही सगळेच म्हणत होतो. तो आवाज वाढला की आम्ही नंदिनीला बोलवायचो.

त्यानंतर ती क्लासला आली तरी कोणावर वरून धरायला तयार होईना. सरांनी जबरदस्ती केली नाही. फक्त एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, धरणं वाईट नाई. कानं बंद करून धरणं वाईट." मग तिने धरलं. आणि ती इतक्या पटकन सोडायला लागली की समोरच्याने नाक खाजवलं तरी हिचे हात वर.

दिवाळी तोंडावर आली तशी मेट्रन मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, उद्या सकाळच्या ड्युटीला वॉर्डात ये, एकदा पाहू. जमलं तर ठीक, नाही तर स्टोअरची ऑर्डर काढते. मला ते कळलं तेव्हा नंदिनीपेक्षा जास्त घाम मलाच फुटला.

सकाळी राउंडच्या आधीच रामाजींच्या पलंगावर गोंधळ सुरू झाला. काटोलकडचे रामाजी, पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले, काल संध्याकाळपासून भानावर नव्हते. सलाईन त्यांनी उपटलं होतं आणि आता नवीन सुई लावायची होती. पलंगाच्या दाराकडच्या बाजूला त्यांचा मुलगा चंद्रभान उभा होता, उंचापुरा, शेतात राबलेल्या हातांचा, रात्रभर न झोपलेला. रामाजी हात झिडकारत होते. डॉक्टर सुई घेऊन उभे होते. आणि कोणीतरी जुन्या सवयीने ओरडलंच, "नंदिनीले बोलवा!"

ती आली. मी तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या जागेकडे पाहिलं. सुई ज्या हाताला लावायची तो हात भिंतीकडच्या बाजूला होता आणि तिथे डॉक्टर होते. तिला अलीकडून वाकावं लागणार होतं, दाराकडे पाठ करून. आणि तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, चंद्रभान. मी मनात म्हटलं, झालं, आता ट्रे पडणार.

तिने श्वास घेतला आणि वाकली. खांदा छातीवर, पण गळ्यापासून दूर. रामाजी धडपडले. "झालं बाबा, झा..." ती म्हणाली आणि मध्येच गप्प झाली. चंद्रभान एक पाऊल पुढे आला. डॉक्टरांनी शीर शोधली, सुई टेकवली. रामाजींच्या अलीकडच्या हाताची बोटं कठड्यावर वाजली.

थप थप.

नंदिनीने सोडलं. हॉलमध्ये सोडायची तसंच, एकदम, दोन्ही तळवे वर. डॉक्टर दचकले, सुई हवेतच राहिली. "अरे, सिस्टर! सोडलं काहून?"

"थापटलं त्यायनं."

"काय?"

तिने डॉक्टरांना उत्तर दिलं नाही. मागेही पाहिलं नाही. ती रामाजींच्या तोंडाशी वाकली. "बाबा, काय होऊन राहिलं? सांगा."

रामाजींचे ओठ हलले. कालपासून हा माणूस बरळतोय म्हणून आम्ही ऐकणं सोडून दिलं होतं. आता त्यांनी एकच शब्द काढला आणि तो स्पष्ट होता. "बोट."

मी पलंगाच्या या बाजूला पाहिलं आणि माझ्या तोंडून "अवं माय!" निघालं. पलंगाचा कठडा वर करताना त्यांची करंगळी सांध्यात सापडली होती. ती काळीनिळी झाली होती. कठडा कधी वर केला होता, कोणाला आठवेना. त्या एका बोटासाठी तो म्हातारा किती वेळ झगडत होता आणि आम्ही त्याला धरायला माणसं बोलावत होतो.

नंदिनीने कठडा खाली केला, बोट सोडवलं आणि दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू चोळत राहिली. रामाजींचं धडपडणं थांबलं. चंद्रभान मागे हुंदका देऊन म्हणाला, "माय माय, मी रातभर इथंच उभा होतो."

"बाबा, ऐका," नंदिनी म्हणाली. "आता सुई लावतो. दुखलं का असं करायचं, थप थप. मी सोडीन. कसम."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पण थांबले, हे मी मान्य करते. रामाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच थापटलं. तिने हात वर केले. ते हसले, बोळक्या तोंडाने, लहान पोराने खेळ शोधून काढावा तसे. पुन्हा थापटलं, तिने पुन्हा सोडलं. मग त्यांनी आपण होऊन हात पुढे केला आणि सुई लागेपर्यंत तो हलला नाही.

दारात मेट्रन मॅडम केव्हापासून उभ्या होत्या, मला माहीत नाही. मी त्यांना पाहिलं, चंद्रभानला पाहिलं, आत येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना पाहिलं. सगळे नंदिनीच्या मागे होते. आणि ती टेप चिकटवत होती, दाराकडे पाठ करून.